मागे वळून पाहिल्यावर : पंडिता रमाबाईंचे आयुष्य

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिका समितीने ज्येष्ठ सभासदांकडे एकेक लेख मागितला आणि एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र थोडक्यात लिहावं, असं मला सुचवलं. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. लेखणीपेक्षा लेजरशी संबंध जास्त. पण बँकेत एक गोष्ट पक्की शिकलो. दिवसभर नावे-जमा होत असतात, तेव्हा कशाचा कशाशी मेळ आहे हे कळत नाही. संध्याकाळी बेरीज जुळली की दिवस कळतो आणि मार्चअखेर ताळेबंद झाला की वर्ष कळतं. मी ख्रिस्ती कुटुंबातला आहे. देवाचा हेतू आपल्याला असाच मागाहून कळतो, असं आमच्या घरी लहानपणापासून ऐकत आलो. हे म्हणणं सोपं, पटणं अवघड. ज्यांच्या आयुष्यावरून ते मला थोडंफार पटलं, त्या पंडिता रमाबाईंबद्दल लिहितो.

रमाबाईंचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. तिथे त्यांनी उभं केलेलं मुक्ती मिशन आजही चालू आहे. आपल्या खडकवासला धरणाचा उजवा कालवा हडपसर, लोणी करत दौंड तालुक्यात जातो, त्याच तालुक्यातलं हे केडगाव. नोकरीच्या काळात त्या भागात माझी काही वर्षं गेली, म्हणून गावाची ओळख. पण ही गोष्ट केडगावात सुरू होत नाही. ती सुरू होते पुण्यात, पेशव्यांच्या वाड्यात.

वाड्यातलं बी, जंगलातलं रोप

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडचे. तरुणपणी संस्कृत शिकायला ते पुण्यात आले. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात जाऊन त्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत. गुरूंबरोबर जाताना अनंतशास्त्रींनी एका बाईला शुद्ध संस्कृत म्हणताना ऐकलं आणि त्यांच्या मनाने घेतलं की आपणही आपल्या बायकोला शिकवायचं. त्या काळी ही अगदी जगावेगळी गोष्ट.

पहिल्या पत्नीच्या वेळी हा बेत काही जमला नाही. पुढे ती वारली. मग गोदावरीकाठी यात्रेत एका गृहस्थांनी आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. त्या लक्ष्मीबाई, रमाबाईंच्या आई. लक्ष्मीबाईंना शास्त्रीबुवांनी खरोखरच शिकवलं. लोक चिडले. उडुपीला पंडितांच्या सभेत त्यांना आपली बाजू मांडावी लागली. शेवटी ते सह्याद्रीतल्या गंगामूळ इथे जंगलात राहायला गेले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घालण्यात आणि दानधर्मात शास्त्रीबुवांचं सगळं संपलं, कर्ज झालं. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने घर सोडलं. बाळाला वेताच्या पेटीत ठेवून पेटी गड्याच्या डोक्यावर दिली, असं सांगतात. तेव्हापासून त्यांना स्वतःचं घर असं राहिलं नाही. या क्षेत्राहून त्या क्षेत्राला जायचं, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. वडील म्हातारे झाले, दृष्टी गेली, तेव्हा आईने मुलीला शिकवायला घेतलं. पहाटे, घरकामाच्या आधी. या आईच्या शिकवण्याने रमाबाईंना लहान वयात हजारो श्लोक तोंडपाठ झाले आणि भटकण्याने अनेक प्रांतांच्या भाषा कानावर पडल्या.

ज्या मुलीला गाव नाही, घर नाही आणि ज्या वयात इतरांची लग्नं होत त्या वयात जिचं लग्न नाही, तिने संस्कृत शिकून करायचं काय? तेव्हा कोणी विचारलं असतं, तर शास्त्रीबुवांनाही उत्तर देता आलं नसतं.

दुष्काळ

मग १८७६-७७ चा तो मोठा दुष्काळ आला. आपल्याकडे दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं गेली. डोंगरे कुटुंबाजवळचे पैसे संपले, भांडी विकली गेली. या लोकांना पुराण सांगण्याशिवाय दुसरं काम येत नव्हतं आणि भीक मागायची लाज. काही दिवस रानातल्या पाल्यावर काढले. या दुष्काळाच्या वर्षांत वडील गेले, आई गेली आणि पाठोपाठ थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. मरताना वडिलांनी लाडक्या लेकीला जवळ घेऊन देवाच्या हाती सोपवलं आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर, असं सांगितलं.

राहिले भाऊ श्रीनिवास आणि रमा. ही दोघं पायी हजारो मैल हिंडली. काश्मीरपर्यंत गेली. पांघरूण नसल्याने झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून थंडीच्या रात्री काढल्या. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे अघटितच घडलं. ही वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वेताच्या पेटीतून निघालेल्या पोरीचं नाव देशभर झालं.

पण सुखाचे दिवस फार नव्हते. १८८० मध्ये भाऊ बंगालमध्येच वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आसामात सिल्चरला त्यांचा संसार होता. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं आणि ते त्यांनी वाचलं. नवऱ्याला ते फारसं रुचलं नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवराही गेला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी.

आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा. सहा-सात वर्षांत सगळे गेले. कुणी शहाण्या माणसाने येऊन यात देवाचा काही तरी हेतू असेल असं त्यांना त्या दिवशी सांगितलं असतं, तर ते फार क्रूर वाटलं असतं. तेव्हा तसं कोणी बोलू नयेच. आपल्या ओळखीत कोणाच्या घरी दुःख झालं की आपणही पटकन असं काही बोलून जातो. त्यापेक्षा गप्प बसून हात धरावा, डबा पोचवावा.

बंद झालेलं दार

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरचा आधार होता. त्याच वर्षी सरकारच्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी ठासून मागणी केली की बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात आणि बायका शिक्षक हव्यात. पुरुष डॉक्टरला दाखवायच्या संकोचाने बायका मरतात, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं.

मग वाटलं, आपणच डॉक्टर व्हावं. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून प्रवासाच्या पैशांची तजवीज केली आणि १८८३ मध्ये मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. त्या भगिनींनी लंडनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेलं घर त्यांना दाखवलं. अशा बाईला जवळ घेऊन पुन्हा उभं करता येतं, हे त्यांना तिथे दिसलं. असं का करता, या प्रश्नाला त्या भगिनींनी येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पण ज्यासाठी गेल्या ते झालंच नाही. रमाबाईंच्या कानाला दोष होता आणि तो वाढत गेला. ऐकू नीट येत नाही, तर डॉक्टरकी शिकणार कशी? ते दार बंद झालं. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या इंग्रजी, गणित, विज्ञान शिकल्या आणि तिथे संस्कृत शिकवलंही. म्हणजे मुलींची संस्था कशी चालवतात, वेळापत्रक, वर्ग, वसतिगृह, हे सगळं आतून पाहिलं.

१८८६ मध्ये अमेरिकेतून बोलावणं आलं. आपल्या पुण्याच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर होत होत्या. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला रमाबाई हजर होत्या. स्वतःला न मिळालेली पदवी दुसऱ्या मराठी मुलीला मिळताना त्यांनी पाहिली. पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या. रमाबाई मात्र अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. आनंदीबाईंच्या पदवीला त्याच तारखेला तीन वर्षं झाली होती. विधवा मुलींनी राहावं, शिकावं अशी ही शाळा. पहिल्या काही मुलींत गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये त्यांचं लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं. कर्व्यांची हिंगण्याची संस्था तर आपल्या रोजच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर आहे. कर्वेनगरातल्या त्या आवारात शिकलेल्या बायका आपल्या सोसायटीतही असतील. एका बहिऱ्या होत चाललेल्या बाईचं डॉक्टर होणं राहून गेलं, त्याचे धागे असे इथपर्यंत आले.

पुण्याचा राग आणि संत्र्यांची बाग

१८९० मध्ये शारदा सदन पुण्यात आलं. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. सदनात धर्माचं शिक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि मुली आपणहून येऊन बसू लागल्या. काही मुलींचा ओढा ख्रिस्ताकडे आहे असं कळल्यावर पुणे पेटलं. केसरीतून टीका झाली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची बाजूही समजण्यासारखी होती. मुलगी शिकायला पाठवली, धर्म बदलायला नाही, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कोणाला बोलावलं नाही आणि माझं दार मी लावून घेणार नाही. आज सव्वाशे वर्षांनीही घराघरांत यावर मतभेद होतील. मी एवढंच लिहितो की त्या वर्षी रमाबाई पुण्यात जवळजवळ एकट्या पडल्या.

दुसरी काळजी पैशाची. अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षं संपत आली होती. म्हणून त्यांनी पुण्यापासून दूर केडगावला जमीन घेतली. हेतू साधा होता. विहीर खणायची, फळबाग लावायची, उत्पन्नातून शाळा चालवायची. अगदी व्यवहारी बेत. बँकेच्या भाषेत सांगायचं तर कर्जाची मुदत संपण्याआधी उत्पन्नाचं साधन उभं करायचं.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. मुलीबाळी रस्त्यावर आल्या आहेत, दलाल त्यांना उचलून नेत आहेत. रमाबाईंच्या हाती पैसा नव्हता. पण वीस वर्षांपूर्वी याच भुकेने आपलं घर खाल्लं, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या. हाडांचे सापळे, अंगावर चिंध्या, फोड, उवा. त्यांना हात लावायला इतर लोक कचरत होते. रमाबाईंना किळस आली नाही, कारण त्यांनी तो आरसा आधी पाहिला होता.

नेमका तेव्हाच पुण्यात प्लेग. शहरातल्या घरात नव्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी बंदी केली. इतक्या मुली न्यायच्या कुठे? केडगावची बाग होती! तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या घातल्या आणि झाडांसाठी घेतलेल्या जमिनीवर माणसं राहायला गेली. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा मुलींची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. रोज एवढ्या जणींना दोन वेळा जेवू घालायचं म्हणजे काय, हे आपल्या सोसायटीच्या वार्षिक जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींना सांगायला नको!

तिथे शाळा होती, विणकाम, शिवणकाम, शेती, गुरं, तेलघाणी, छापखाना होता. अंध मुलींना वाचायला शिकवत होते. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. लंडनला पाहिलेलं ते घर आता दौंड तालुक्यात उभं होतं.

संस्कृत कशासाठी होतं

शेवटच्या पंधरा-सतरा वर्षांत रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं. साध्या, अल्पशिक्षित बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर. त्यासाठी पन्नाशीच्या सुमारास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एकटीने संपूर्ण बायबलचं भाषांतर करणारी बाई जगात क्वचितच सापडेल. त्यांचं भाषांतर केडगावच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींनी जुळवलेल्या खिळ्यांनी छापलं. पहाटे अंधारात आईने पोरीच्या जिभेवर व्याकरण बसवलं, ते या कामी आलं.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-ई-हिंद पदक दिलं. पण शेवट गोड नाही. जिला आपल्यामागे सगळं सोपवायचं, ती मनोरमा १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी वारली. नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. बायबलचं काम त्या अखेरपर्यंत करत होत्या. पूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, बाहेर आला.

मला काय वाटतं

आमच्या बायबलात योसेफाची गोष्ट आहे. भावांनीच त्याला गुलाम म्हणून विकलं. परदेशात तुरुंगात पडला. पुढे त्याच देशात धान्याचा कारभारी झाला आणि दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी दाराशी आले. तेव्हा तो त्यांना म्हणाला की तुम्ही वाईट योजलं होतं, देवाने त्यातून चांगलं केलं. हे तो तुरुंगात असताना म्हणाला नाही. धान्य वाटायला बसला तेव्हा म्हणाला.

मनोरमेसारख्या मुलींचा जीव वाचावा म्हणून देवाने रमाबाईंच्या आईला उपाशी मारलं, असं मी कधीच म्हणणार नाही. असा हिशेब करणाऱ्या देवावर माझा विश्वास नाही. १८७७ चा दुष्काळ पाऊस न पडल्याने आला आणि सरकारच्या बेपर्वाईने वाढला. पण त्या भुकेची आठवण वाया गेली नाही. बहिरेपण वाया गेलं नाही. पुण्याचा रागही वाया गेला नाही, कारण त्याने त्यांना केडगावकडे ढकललं. माझ्या श्रद्धेप्रमाणे देवाचं काम ते एवढंच आणि एवढं मोठं. तो काही फुकट जाऊ देत नाही.

आणि सगळ्याच नोंदी जुळतात असंही नाही. मनोरमेचं जाणं कशासाठी, याचं उत्तर रमाबाईंना मिळालं नाही, मलाही सापडत नाही. ताळेबंदात काही रकमा सस्पेन्स खात्यात राहतात. त्या खोट्या नसतात, फक्त त्यांचा मेळ अजून लागलेला नसतो. रमाबाई ती नोंद तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी मुद्रितं तपासायला बसल्या. मला त्यांचं सगळ्यात मोठेपण यात वाटतं. मागाहून कळेल म्हणून थांबून राहायचं नाही. समोर जे भुकेलेलं माणूस आहे त्याला आज जेवायला घालायचं, अर्थ देव सावकाश लावील.

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांत इथल्या घरांनी सुखं पाहिली, काही घरांनी मोठी दुःखंही पाहिली. ज्यांच्या नोंदी अजून जुळलेल्या नाहीत, त्यांना ही गोष्ट वाचून थोडा धीर यावा, एवढीच इच्छा. सवड मिळाली तर एखाद्या रविवारी मुलानातवंडांना घेऊन केडगावला जरूर जाऊन या.